बावीस की वीस दोन?

जून २०१९ ची गोष्ट आहे. अमरावतीच्या एका वस्तीतील बुद्धविहारात रविवारची वंदना आटोपली होती. चहा यायचा होता. तेवढ्यात एका जुन्या कार्यकर्त्याने हातातले वर्तमानपत्र सतरंजीवर टाकले आणि आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, आता बावीस प्रतिज्ञाले वीस दोन प्रतिज्ञा म्हणाचं का?" विहारात हशा पिकला. आम्हीही हसलो. हसून झाल्यावर मात्र सगळ्यांच्याच चेहऱ्यावर राग दिसू लागला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांचा आकडा आमच्या लहान लेकरांच्याही जिभेवर असतो. त्या आकड्याला हात लावणारे हे कोण?

प्रकरण वाचकांना आठवत असेलच. बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस, त्रेसष्ट या नावांसोबत वीस एक, वीस दोन, साठ तीन अशी संख्यावाचनाची दुसरी रीत दिली. पहिलीच्या पुस्तकात ती आदल्या वर्षीच आली होती, तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही. दुसरीचे पुस्तक आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधानसभेचे पावसाळी अधिवेशन सुरू होते. अजित पवारांनी हा विषय सभागृहात काढला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आडनावाच्या शेवटी 'वीस' येते, त्यावरून विनोद झाले. त्याच महिन्यात शिक्षण खाते सांभाळायला घेतलेल्या आशिष शेलारांना उत्तर द्यावे लागले. मराठी भाषेचा मुडदा पाडला जात आहे, असे लेख पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत आले. ज्यांची नातवंडे मराठी शाळेच्या दारातून कधी गेली नाहीत, त्यांनाही त्या आठवड्यात मराठीचा पुळका आला होता.

आम्ही येथे प्रामाणिकपणे सांगतो की आमचे पहिले मत विरोधाचेच होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. आडनाव वाचले आणि आमच्या डोक्यात जुने गणित सुरू झाले. इंग्रजी शाळांतील पोरे पुढे पळणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील आमच्या पोरांना बोबडे मराठी शिकवून मागे ठेवणार! चळवळीतल्या माणसाला असा संशय येणे चूक नाही. हजारो वर्षे ज्यांना अक्षराच्या आसपास फिरकू दिले नाही, त्यांनी पाठ्यपुस्तकातील प्रत्येक बदलाकडे डोळे वटारून पाहिलेच पाहिजे. पण वकिली करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. संशय हा पुरावा नव्हे. पुरावा तपासावा लागतो.

तो तपासून दाखवला त्याच विहारातील एका निवृत्त गुरुजींनी. सारी नोकरी त्यांनी दर्यापूर आणि मूर्तिजापूरकडील जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. सगळे तावातावाने बोलत होते, हे मात्र शांत बसले होते. मग उठले आणि बाहेर खेळणाऱ्या सात-आठ पोरांना आत बोलावून त्यांच्या हातात पाट्या दिल्या. म्हणाले, "लिहा, पंचेचाळीस." दोघांनी ५४ लिहिले. "लिहा, त्रेपन्न." एकाने ३५ लिहिले, एका मुलीने नुसते ३ लिहून वर पाहिले. अडुसष्टला तर गोंधळच उडाला. मग गुरुजी म्हणाले, "आता लिहा, चाळीस पाच." सगळ्या पाट्यांवर ४५. "पन्नास तीन." सगळीकडे ५३. "साठ आठ." पुन्हा तेच. याला आम्ही संशोधन म्हणणार नाही. पण ज्या कार्यकर्त्याने वर्तमानपत्र सतरंजीवर टाकले होते, त्यांच्या नातवानेच ५४ लिहिले होते. ते काही बोलले नाहीत.

यात घडते काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. मराठीत पंचेचाळीस म्हणताना कानावर आधी पाच येतो आणि मग चाळीस. लिहिताना मात्र आधी ४ लिहायचा, मग ५. कान एक सांगतो आणि हात दुसरेच करतो. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याची सवय पक्की झालेली असते. सहा-सात वर्षांच्या लेकराला मात्र ही कसरत प्रत्येक आकड्याला करावी लागते. त्यात नावांचा गुंता वेगळाच. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे पुढच्या दशकातून एक उणा. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. त्रेचाळीस, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांत तीन कुठे आहे ते लेकराने शोधायचे. इंग्रजीत वीसच्या पुढे दशकांची नावे पाठ केली की नव्याण्णवपर्यंतचे काम भागते. मराठीत जवळजवळ शंभर नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात. नारळीकरबाईंचे म्हणणे एवढेच होते. कानडी, तेलुगू, तामिळ, मल्याळम या आपल्या शेजारच्या भाषांत दशक आधी बोलतात. मग आपल्या मुलांनाही ती सोय द्यावी आणि जुनी नावेही ठेवावीत. पुस्तकात दोन्ही रीती होत्या. ज्यांनी आरडाओरडा केला, त्यांतील किती जणांनी ते पान उघडले होते?

जोडाक्षरांविषयी वऱ्हाडातील माणसाला वेगळे सांगायला नको. आमच्याकडे सहाला 'सा' म्हणतात, दहाला 'धा', विसाला 'ईस'. घरात हे ऐकून शाळेत गेलेल्या पोराने 'त्र्याण्णव' म्हणताना जीभ अडखळवली की वर्ग हसतो, आणि काही वर्गांत मास्तरही हसतात. त्या दिवशी तो पोरगा गणित चुकलेला नसतो. त्याची भाषा चुकीची ठरवलेली असते. पण त्याला वाटते की आपल्याला गणित येत नाही. पुढची सारी वर्षे तो मागच्या बाकावर काढतो.

आता परंपरेचे बोलू. पारंपरिक पद्धत बुडाली म्हणून जे रडत होते, ती परंपरा कोणाची? पंतोजींच्या शाळेत तिसापर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरासाठी आणि सावकाराच्या वहीसाठी उपयोगाचे होते. ज्याच्याकडून सवाई-दिढीने धान्य वसूल व्हायचे, म्हणजे पेरणीला नेलेल्या एका पायलीची सुगीला सव्वा किंवा दीड पायली करून घ्यायचे, त्याच्या पोराला त्या शाळेची पायरी चढता येत नव्हती. दीड म्हणजे किती हे देणाऱ्याला पाठ होते आणि घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, यावरच तर सावकारी उभी होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी-बाळबोध वाचन-लेखनासोबत हिशेब घातला, तो उगाच नव्हे.

आणि आमच्या बायाबापड्यांची स्वतःची मोजणी होतीच की! आमच्या आज्या विसाने मोजायच्या. तीन विसा म्हणजे साठ, पाच विसा म्हणजे शंभर. अठराविश्वे दारिद्र्य हा शब्दही त्याच हिशेबाचा. मेळघाटातील कोरकू बांधवांची भाषा मुंडा कुळातील, त्या कुळातील अनेक भाषांतही विसा-विसाच्या गटाने मोजतात. 'दोन विसा अन् पाच' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी मोठा गट आधी आणि सुटे मागून येतात. 'वीस एक' ही रीत परकी आहे असे म्हणणाऱ्यांनी कापूस वेचणाऱ्या बाईला कधी मोजताना ऐकलेले नाही.

आम्ही ऐकले आहे, आणि कोर्टात ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका न्यायालयात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटल्यात आम्ही फिर्यादीच्या बाजूने साहाय्य करीत होतो. साक्षीदार होती साठीची मजूर बाई. भांडण झाले तेथून ती किती अंतरावर उभी होती, हा प्रश्न. ती म्हणाली, "दोन इसा अन् पाच पावलं असन." बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले, म्हणजे किती? आकडा सांगा. बाई गप्प. पोलिसांच्या कागदात ४५ फूट लिहिले होते. पावलांचे फूट कोणी केले ते कोणालाच ठाऊक नाही. वकिलांनी पुन्हा विचारले, पंचेचाळीस की चौपन्न? बाई घाबरून म्हणाली, "तेच ते." झाले. पंचेचाळीस आणि चौपन्न ज्या साक्षीदाराला सारखेच, तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, असा युक्तिवाद झाला. बाहेर आल्यावर ती आम्हाला म्हणाली, "वकीलसाहेब, मले हिशेब येते, पण तुमच्यावानी नाई येत." तिने पाहिले ते खरे होते. तिने मोजले तेही बरोबर होते. निकालात मात्र अंतराच्या विसंगतीचा एक परिच्छेद आहे.

वकिलीत अशी उदाहरणे रोज भेटतात. सातबाऱ्यावर १.२० लिहिलेले असते. ते हेक्टर आणि आर असतात, म्हणजे जवळजवळ तीन एकर. आमचा माणूस ते एक एकर वीस गुंठे समजतो, म्हणजे दीड एकर, कारण त्याच्या बापाने चाळीस गुंठ्यांचा एकर मोजलेला असतो. अर्ध्या जमिनीची इसारपावती करून देणारा माणूस आम्ही पाहिला आहे. 'शेकडा पाच'ने पैसे काढणाऱ्याला वाटते की पाच टक्के व्याज म्हणजे बँकेपेक्षा स्वस्त. तो पाच दर महिन्याचा असतो. दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, म्हणजे शेकडा साठ. २०१४ च्या सावकारी कायद्याने अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवता येते. पण त्यासाठी आधी आपण लुटले गेलो हे हिशेबाने दाखवावे लागते. रोजगार हमीच्या कामावर आमच्या मायबहिणींनी वर्षानुवर्षे माती खोदली. मजुरी खोदाईच्या मापावर ठरायची आणि माप घेणारा जे म्हणेल ते माप. लांबी, रुंदी, खोलीचा गुणाकार ज्या बाईला येत होता, तिच्यासमोर मोजणाऱ्याची टेप नीट ताणली जायची.

बाबासाहेब आकड्यांचे माणूस होते, हे आपण जयंतीच्या भाषणात विसरतो. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ चा. त्याआधी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवरील निबंध. मुंबई विधिमंडळात १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचे पितळ आकड्यांनीच उघडे पाडले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात आणि ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करापोटी माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते, हा हिशेबही मांडला. हा माणूस शाळेत कसा शिकला? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणिताचे उदाहरण सोडवायला शिक्षकांनी फळ्याकडे बोलावले तेव्हा सवर्ण पोरांनी गलका केला, कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. डबे हलवले गेले, मग भीमरावाने उदाहरण सोडवले. आमच्या पोरांच्या आणि गणिताच्या मध्ये आजही बरेच डबे ठेवलेले आहेत, नाव वेगवेगळे असेल.

मग नव्या पद्धतीला आमचा सरसकट पाठिंबा आहे काय? नाही. पहिला आक्षेप असा की प्रयोग नेहमी आमच्याच मुलांवर का? मराठी माध्यमाच्या शाळांत आता उरले कोण? शेतमजुराची, हमालाची, पारध्याची, मुसलमान विणकराची, आमची पोरे. ज्यांना परवडते ते कधीच निघून गेले. २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या नावाने ज्ञानरचनावाद आला. वर्गाच्या फरशा रंगल्या, भिंती रंगल्या, गणिताच्या माळा आणि पेट्या आल्या. चांगल्या शिक्षकाच्या हाती त्याच माळेने मुले दशक-सुटे भराभर शिकली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि पेटीचे कुलूपही न उघडलेल्या शाळा पाहिल्या. पद्धत पुस्तकातून येत नाही, शिक्षकाच्या हातातून येते. ज्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजतात, निवडणुकीच्या याद्या करतात, तेथे पंचेचाळीस काय आणि चाळीस पाच काय!

दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्यावर विधानसभेत आडनावाचे विनोद झाले नाहीत. 'असर'च्या २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २८ मुलांनाच तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागता आले. यावर कोणाची भाषिक अस्मिता दुखावली? २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर सुमारे १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून विश्वविक्रम झाला. आम्ही दोन्ही गावच्या कोर्टांत जातो, त्या रस्त्याने गाडी छान पळते. त्याच रस्त्याला लागून असलेल्या गावांतील शाळांत शिक्षकाची जागा भरायला किती तास लागतात, याचा विक्रम मोजायला कोणी येत नाही.

कायद्याचे म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाची कसोटी लिहून ठेवली आहे. शक्यतो मातृभाषेतून शिक्षण, आणि मुलाला भय, धसका व चिंता यांपासून मुक्त ठेवणे. वीस दोनची रीत या कसोटीवर उतरते. फळ्यापुढे उभे करून त्र्याण्णव म्हणायला लावणे आणि हसणे, हे उतरत नाही. पण मातृभाषा म्हणजे घरची भाषा धरली तर वऱ्हाडी पोराचा 'धा' आणि कोरकू पोराची मोजणीही वर्गात आली पाहिजे. तेवढ्या अंतरापर्यंत बालभारती अजून पोचलेली नाही.

आपल्यातल्या काही मित्रांनी तेव्हा असेही मांडले की सुटे आधी बोलण्याची रीत संस्कृतची म्हणून ती बामणी, तेव्हा ती गेलेलीच बरी. हे बरोबर नाही. पालीतही पञ्चवीसति म्हणतात. अठ्ठावीस बुद्धांना आपण वंदन करतो तेव्हा अट्ठवीसच म्हणतो. जर्मन माणूस आजही सुटे आधी बोलतो आणि त्याच्या देशात कोणी मागास राहिले नाही. नॉर्वेने मात्र १९५१ साली, टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होतात म्हणून, अधिकृत रीत बदलून दशक आधी केले. जुनी रीत लोकांच्या तोंडून तरीही गेली नाही, दोन्ही चालत राहिल्या. म्हणजे बावीस प्रतिज्ञांना काही होणार नव्हते. शाळेत वीस दोन म्हणत २२ लिहायला शिकलेली पोरगी विहारात बावीसच म्हणते.

डॉ. मंगला नारळीकर १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. त्यांची आणि आमची विचारधारा एक नव्हती आणि त्यांच्याशी आमची भेटही कधी झाली नाही. पण गणिताला घाबरून शाळा सोडणाऱ्या मुलाचा विचार त्यांनी केला आणि त्यासाठी वय झालेले असताना टिंगल सोसली, याची नोंद आंबेडकरी वर्तमानपत्रात व्हायला हवी. आडनाव पाहून आम्ही घाई केली होती.

आता थोडे आपल्या घरात पाहू. अकोल्यात काय, अमरावतीत काय, आपल्या विहारांतून अभ्यासिका आहेत. रात्री दहापर्यंत पोरे स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या अभ्यासिकेत बसायला येतो तो बावीस वर्षांचा. दुसरीत ५४ लिहिणारा तिथवर पोचलेलाच नसतो. आरक्षणाच्या एकेका जागेसाठी आम्ही हायकोर्टापर्यंत जातो, आणि ती जागा घेणारा आठवीतच पोत्यांच्या हमालीला लागलेला असतो. मुंबईत 'नवनिर्मिती'च्या माध्यमातून सर्वांना गणित यावे म्हणून खपणारे विवेक मोंतेरो हे कामगार चळवळीतलेच. त्यांना या दोन कामांत अंतर वाटले नाही, आम्हालाच का वाटावे?

त्या जूनमधल्या रविवारनंतर विहारातील गुरुजींनी वंदनेच्या आधीचा एक तास मागून घेतला. पहिल्या दिवशी पाच पोरे आली. करोनाच्या काळात तास बंद पडला, पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन-तीन वर्षे शाळाच न पाहिलेली पोरे बसू लागली आणि काम पहिल्यापासून धरावे लागले. खर्च काहीच नाही. तुराट्या एका मापाच्या तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या आणि सुट्या काड्या वेगळ्या ठेवायच्या. चार जुड्या, पाच काड्या. आधी चाळीस पाच म्हणायचे, लिहायचे, आणि मग याच आकड्याला बाजारात पंचेचाळीस म्हणतात हे सांगायचे. आयांनाही बोलवावे, त्या विसाने मोजतात ते पोरांना ऐकू द्यावे. ज्या गावच्या विहारात असा तास घ्यायचा असेल त्यांनी दिवाळीनंतर तूर निघाली की तुराट्या जाळण्याआधी दोन भारे बाजूला काढून ठेवावेत. पऱ्हाटी घेऊ नये, तिच्या काड्या वाकड्या असतात आणि जुडी नीट बांधली जात नाही.